चाकांवरच्या खुणा

आमच्या दारात गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि तिची चारही चाकं काढली, की ती मला हळदीला बसलेल्या नवरीसारखी दिसते. पाय आत घेतलेले, अंग चोरलेलं, आणि भोवती आम्ही सगळे हातात काही ना काही घेऊन उभे. मी एकदा हे ह्यांना बोलून दाखवलं. ते वाकून गाडीखाली बघत होते, तिथूनच म्हणाले, "नवरी कसली, म्हातारी हाय. गुडघं धरल्यात म्हणून बसलीय."

हे म्हणजे आमचे मालक. उभा जन्म त्यांनी गाडी चालवण्यात काढला, आणि माझा निम्मा त्यांना पाना नि पक्कड देण्यात गेला. तक्रार नाही करत, आपलं सांगतेय.

वर्षातून दोनदा आमच्याकडे चाकं फिरवतात. एकदा मे महिना सरत आला की, आणि एकदा खंडेनवमीला. फिरवायची म्हणजे काय, तर पुढची चाकं मागं लावायची आणि मागची पुढं. आमचा भोरहून हिर्डोशीकडं जाणारा रस्ता असा आहे, की तो सरळ असा फार वेळ राहतच नाही. वळणं घेऊन घेऊन पुढच्या टायरांच्या कडा झिजतात, मागचे त्या मानानं नवे राहतात. जागा बदलत राहिलं, की चारही टायर एकदमच म्हातारे होतात. आपल्यासारखे, असं हे पुढं जोडतात.

पण नुसतं मागचं पुढं केलं म्हणजे झालं नाही. त्यात एक फुली असते. आता जी छोटी गाडी आहे तिचं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. म्हणून पुढची दोन सरळ मागं जातात, आणि मागची दोन पुढं येताना एकमेकांना ओलांडून येतात. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. पूर्वीच्या जीपचं बरोबर उलटं होतं. हे मला किती दिवस कळायचंच नाही. मग एकदा डोक्यात आलं, अगं, हा तर झिम्मा आहे. माझं माहेर गुंजवण्याकडचं. गौरी जागवायला बसलो, की झिम्म्यात आम्ही अशाच जागा बदलायचो. दोघी सरळ मागं, दोघी एकमेकींना टाळी देऊन पलीकडं. मी ह्यांना म्हणलं, मला समजलं, तुमची चाकं झिम्मा खेळतात. ते कधी झिम्मा खेळले नव्हते, त्यामुळं त्यांना माझं समजलं नाही. पण मला त्यांचं समजलं, ते पुरलं.

जीपच्या वेळची गोष्ट सांगते. ती आम्ही जुनीच घेतली होती, मागं समोरासमोर बाकडी टाकलेली. भोर ते हिर्डोशी ह्यांची फेरी असायची. एसटी मोजक्याच, एखादी चुकली की माणसं फाट्यावर ह्यांच्या वाटेकडं डोळे लावून बसायची. शनिवार-रविवार शहरातली मुलं पाठीवर बोचकी लावून यायची, त्यांना किल्ल्याच्या पायथ्याशी पाल गावात सोडून यायचं. एवढी माणसं ज्या चार टायरांच्या भरवशावर बसतात, ते टायर दुसऱ्याच्या हाती द्यायला ह्यांचं मन घ्यायचं नाही. भोरात दुकानं होती, नाही असं नाही. पण चाक मीच काढीन आणि मीच लावीन, हा ह्यांचा हट्ट.

तेव्हा अंगण मातीचं, शेणानं सारवलेलं. त्यात जॅक लावला, की गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जायचा. एका खंडेनवमीला असाच जॅक रुतला, जीप कलली आणि माझ्या सारवलेल्या अंगणात मोठा खड्डा पडला. ह्यांनी इकडं तिकडं बघितलं, नि परसात पडलेल्या जात्याची खालची तळी उचलून आणली. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, जातं नुसतं बसून होतं. खुंटा काढला, तळी जमिनीवर घातली आणि वर जॅक ठेवला. जीप अशी उचलली गेली, की काय सांगू.

सासूबाई मात्र बिथरल्या. ज्या जात्यावर त्यांनी पोरांची पोटं भरली, त्याच्यावर लेकानं गाडी चढवली. दोन दिवस त्या ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण बोलायचं ते माझ्याकडं बघून. मग तिसऱ्या दिवशी स्वतःच तळी धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि लेकाला बजावलं, की आधी जात्याचा मान, मग तुझ्या लोखंडाचा. तेव्हापासून आमच्या खंडेनवमीच्या पूजेत कोयता, विळा, खुरपं, जॅक, पाना ही सगळी मंडळी एका ओळीत, आणि ओळीच्या सुरुवातीला जात्याची तळी. सासूबाई गेल्या. पुढं मुलानं अंगणात कोबा करून घेतला. आता जॅक रुतायचा प्रश्नच नाही. पण हे आजही तळीवाचून जॅक लावत नाहीत.

माझं काम ठरलेलं होतं. सूप घेऊन बसायचं आणि नट सांभाळायचे. जीपच्या चाकाला पाच पाच नट, गाडीला चार चार. सुपाच्या चार कोपऱ्यांत चार चाकांचे नट, सरमिसळ करायची नाही. तांदळातले खडे वेचायची सवय असलेल्या बाईला हे काही अवघड नाही. नट हातात आला, की तो कुठल्या चाकाचा, हे मला बघायला लागत नसे. रॉकेलच्या बोळ्यानं पुसून एकेक नट त्यांच्या हातात द्यायचा, आणि ते न बघता हात मागं करायचे. त्या हाताला ग्रीस, रबर आणि तंबाखू असा तिहेरी वास यायचा. आजही दुकानात नवा टायर दिसला, की मला तो वास येतो, तंबाखूसकट.

तंबाखूचं कारण आहे, म्हणून सांगते. चाकं काढायच्या आधी त्यांवर खुणा करतात. एकदा चाक काढून भिंतीला टेकवलं, की सगळी सारखीच दिसतात. हे आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचे आणि टायरच्या अंगावर ठिपके द्यायचे. पुढच्या डाव्याला एक, पुढच्या उजव्याला दोन, मागच्या डाव्याला तीन, मागच्या उजव्याला चार. चुना वाळला, की रबराला धरून बसतो. मग मी चारही चाकं पाण्यानं स्वच्छ धुवायची, कारण पूजेला कळकट वस्तू मांडायची कशी? आणि धुतली तरी ठिपके फिकट का होईना, राहायचे. अशी आमची रीत. इतकी वर्षं त्यात कधी चूक झाली नाही.

गेल्या वर्षी माघात ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. देवाची दया, बोलणं राहिलं, चालणं काठीनं का होईना सुरू झालं. पण उजव्या हाताची पकड गेली, बोटांना नीट कळेनासं झालं. गाडी चालवणं बंद. डॉक्टरांनी तंबाखूही बंद केली. ज्या दिवशी ती चंची आणि चुन्याची डबी मी घराबाहेर टाकली, त्या दिवशी रडू मात्र मला आलं.

गाडी आता सून चालवते. ती हिर्डोशीच्या पुढं एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. मला आत्या म्हणते, ह्यांना मामा. रोज तोच वळणांचा रस्ता. त्या मे महिन्यात दवाखान्याच्या धावपळीत चाकं फिरवायची राहून गेली, आणि दसरा जवळ आला तेव्हा पुढचे टायर कडेनं चांगलेच उतरलेले दिसत होते. मुलगा म्हणाला, आता हे घरी करायचं नाही, भोरात दुकानात अर्ध्या तासात होतं. तो काही वाईट बोलला नाही. त्याला बापाची काळजी आणि बायकोचीही. पुढं म्हणाला, ही अवजारांची पेटी पण कशाला ठेवायची, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, देऊन टाकू.

त्या दिवशी मी केर काढायला वाकले, तर ह्यांच्या खाटेखाली चाकाचा पाना ठेवलेला. फडक्यात गुंडाळून, चपलांच्या शेजारी. मी तो तसाच ठेवला, आणि संध्याकाळी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणलं, गाडी गेली, तंबाखू गेली, हात गेला. एवढं एक राहू दे. मग तो म्हणाला, या खंडेनवमीला करू द्या. पण काही चुकलं, तर पेटी मी उचलणार.

तर असं ते सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं.

खंडेनवमीला रविवार आला. मुलाच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळं तो सकाळीच कामावर गेला. घरात आम्ही तिघंच. ह्यांना ओट्याच्या पायरीपाशी खुर्ची टाकून दिली. सुनेनं ओढणी कमरेला बांधली. जात्याची तळी आली, जॅक आला, ठोकळे आले.

खुणा करायची वेळ आली, तेव्हा ह्यांचा डावा हात आपसूक खिशाकडं गेला. तिथं डबी नव्हती. मी मान वळवली. सूनच म्हणाली, "मामा, खडू चालेल का? माझ्या पर्समध्ये आहे." तिनं शाळेचा पांढरा खडू काढला आणि फळ्यावर लिहावं तशी सुरेख अक्षरं काढली. पुडा म्हणजे पुढचं डावं, मग पुउ, माडा, माउ. हे हसले. म्हणाले, आमच्या टायरांना पहिल्यांदाच अक्षरओळख झाली. मग तिनं मोबाईलवर चारही चाकांचे फोटो काढले, नवऱ्याला दाखवायला. त्याचा मोबाईल कामावर कपाटात असतो, तो काही संध्याकाळपर्यंत बघणार नव्हता.

नट सैल करायला जोर लागतो. ती हातानं करायला गेली, तर पाना हलेना. हे म्हणाले, "मास्तरीणबाई, हात न्हाई, पाय द्या. पान्यावर उभं ऱ्हावा."

ती म्हणाली, "वाडीतल्या पोरांनी असं बघितलं, तर शाळाच भरायची नाही, मामा."

पण उभी राहिली. कुरकुर करत एकेक नट सुटला आणि माझ्या सुपात आला. हे खुर्चीतूनच सांगत होते. हिकडचा ठोकळा आत घे. जॅक एकदम सोडू नको. चाक ओढताना पाय लांब ठेव. असा तास-दीड तास गेला, आणि गाडी नवरीसारखी ठोकळ्यांवर बसली. चार चाकं भिंतीला टेकवली. ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. सून त्यांना हात धरून आत घेऊन गेली, चहा टाकते म्हणाली.

मी बाहेर एकटीच. समोर चार चाकं, चिखलानं माखलेली. हाताला काम हवंच असतं. नळाची नळी लावली, नारळाचा काथ्या घेतला आणि चारही चाकं घसाघसा घासून काढली. इतक्या वर्षांची सवय. पाण्याबरोबर पांढरं काहीतरी वाहून गेलं ते मी बघितलं, आणि मनात म्हणलं, बघा, किती मळ होता.

दोघं चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा चाकं काळीभोर चमकत होती. मी कौतुकानं बाजूला झाले. सून बघतच राहिली. म्हणाली, आत्या, अक्षरं कुठं गेली?

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चुना धरून बसतो. खडू नाही.

मी पायरीवर बसले. सूप मांडीवर, त्यात नट आपापल्या कोपऱ्यात नीट, आणि ज्यांचे ते नट, ती चाकं कुठली, याचा पत्ता नाही. कुणी रागावलं असतं, तर बरं वाटलं असतं. माझ्या डोळ्यांपुढं फक्त मुलगा पेटी उचलून नेतोय एवढंच दिसत होतं. ह्यांच्या हातून काही चुकलंच नव्हतं. चुकले मी.

"म्या धुतली," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ह्यांनी चहा संपवला. कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "लोटा एकेक माझ्याकडं."

आम्ही पहिलं चाक लोटत त्यांच्यासमोर नेलं. त्यांनी डावा हात टायरवर ठेवला आणि डोळे मिटले. हात हळूहळू फिरत होता. कडेवरून, मधल्या नक्षीवरून, मग बाजूच्या अंगावरून. हे पुढचं, म्हणाले. कडा गोल झाल्यात. मग बोट एका जागी थांबलं. तिथं रबराला बारीक बारीक चिरा होत्या, धारदार. हे डावं. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, रस्ता अरुंद. समोरून एसटी आली, की गाडी डावीकडची चाकं डांबराखाली, साइडपट्टीवर उतरवती. तिथली खडी डाव्या टायरालाच चावती. सून हसली. कबूल केलं तिनं, की रोज सकाळी एका वळणावर तिला तसं खाली उतरावंच लागतं. कुठल्या वळणावर, तेही ह्यांनी सांगितलं.

दुसरं पुढचं मग आपोआप उजवं ठरलं. मी तर बघतच राहिले. एवढी वर्षं ते ठिपके काढत होते, ते आमच्यासाठी होते म्हणायचे. त्यांना स्वतःला त्यांची गरजच नव्हती.

घोडं अडलं ते मागच्या दोन चाकांवर. जागा बदलून बदलून दोन्हींवर जुने ओरखडे इतके झाले होते, की डावं कुठलं नि उजवं कुठलं हे लागेना. एकाच्या हवेच्या नळीवर निळं टोपण होतं, बाकीच्यांवर काळं. ह्यांनी विचारलं, निळं टोपण कुठल्या बाजूला होतं, कुणाला आठवतं का? मला आठवेना. सुनेनं ओट्यावर ठेवलेल्या मोबाईलकडं एकदा बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाली, नाही आठवत, मामा.

ह्यांनी निळ्या टोपणाच्या चाकावरून पुन्हा डावा हात फिरवला. मग थांबले. उजवा हात डाव्यानं उचलून टायरवर ठेवला. तो तिथं नुसता पडून राहिला. त्या हातानं जन्मभर टायर वाचले, आणि आता त्याला काही कळत नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तर ते म्हणाले, "तुझा हात दे गं."

चारचौघांत हात धरायची आमची रीत नाही, आणि सून समोर उभी. पण मी दिला. त्यांनी माझा तळवा टायरच्या नक्षीवर ठेवला आणि सांगितलं, की एका दिशेनं फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं तर दात लागतात. चाक ज्या बाजूला पळालं, तसे दात पडतात, बाजू बदलली की मोडतात. छिन्नीनं टाकी लावलेल्या जात्यासारखं. म्हणाले, जात्यावरून हात फिरवलायस न्हवं? तसंच हाय हे.

मी फिरवला. वर नेला, खाली आणला. खरं सांगते, मला दोन्हीकडून सारखंच लागत होतं. थंड, ओलं रबर. पण ते माझ्या तोंडाकडं असे बघत होते, की मला नाही कळत म्हणायची माझी छाती झाली नाही.

"हितं," मी म्हणलं, "वर जाताना खरवडतंय."

"व्हय?"

"व्हय."

ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, मग हे डावं, पुढं उजवीकडं लाव.

पुढचं सगळं सुरळीत झालं. पुढची दोन सरळ मागं, मागची दोन एकमेकींना ओलांडून पुढं. नट मी एकेक देत गेले, सून समोरासमोरचे आवळत गेली, कारण ओळीनं आवळले तर चाक वाकडं बसतं, हे तिला तोवर पाठ झालं होतं. ठोकळे निघाले, गाडी पायांवर उभी राहिली. जात्याची तळी धुतली, हळदकुंकू झालं, पान्याला झेंडूचं फूल वाहिलं.

उन्हं कलताना मुलगा आला. चहाही न घेता त्यानं पाना उचलला आणि चारही चाकांचे सोळा नट स्वतः तपासले. एकही सैल निघाला नाही. मग गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणली. हे खुर्चीत बसून आवाजाकडं कान लावून होते. तो उतरला आणि म्हणाला, स्टेअरिंग एकदम सरळ आहे. एवढंच. मग पाना फडक्यानं पुसला आणि पेटीत ठेवून पेटी होती तिथं, जिन्याखाली सरकवली. भोरच्या दुकानाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

चार दिवसांनी भाजी निवडताना सून माझ्याजवळ येऊन बसली. मोबाईल पुढं केला. त्यात चाकं होती, खडूच्या अक्षरांसकट. मागच्या चाकावर तिच्या वळणदार हातानं लिहिलेलं माउ, आणि नळीवर निळं टोपण. मागचं उजवं. आम्ही ते डावं म्हणून लावलं होतं. दोन्ही मागची चाकं आली पुढंच, पण ओलांडून यायची ती सरळ आली होती.

गाडी चालवायला काही धोका आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही, झीज थोडी कमी-जास्त होईल, मे महिन्यात पुन्हा बदलूच. मग मी विचारलं, हा फोटो तुला नंतर सापडला का गं?

ती म्हणाली, "तेव्हाच आठवला होता, आत्या. पण मामांचा हात चाकावर होता."

मग मी तिला सांगितलं, की मलाही तेव्हा काही लागलं नव्हतं, अंदाजानंच बोलले. दोघी हसलो, पण हळू, कारण हे आतच होते. कुणाला सांगायचं नाही असं काही ठरवलं नाही. सांगितलं नाही एवढंच.

यंदाचा मे महिना आला. सून भोरहून येताना पानाच्या दुकानातून चुन्याची डबी घेऊन आली. ह्यांच्या हातात ठेवताना बजावलं, चुना फक्त चाकांना. त्यांनी डबी उघडली, नाकाशी नेली, आणि डोळे मिटून जरा वेळ तशीच धरली. मग डाव्या बोटानं ठिपके दिले. एक, दोन, तीन, चार. थोडे वाकडे आले. मुलगाही होता या खेपेला, सुट्टी काढून थांबला होता. नट त्यानं सैल केले, पण कुठला ठोकळा कुठं, ते बापाला विचारून.

चाकं भिंतीला लागली, मी ती धुतली. चुना राहिला. हे खुर्चीत बसले होते, म्हणाले, पुढचं उजवं आण जरा. मी लोटत नेलं. तेच, निळ्या टोपणाचं. त्यांनी डावा हात फिरवला, एकदा वर, एकदा खाली. आणि सहज, कालचं काही सांगावं तसं म्हणाले, "दसऱ्याला मागची दोन उलटी बसली व्हती गं. दात मोडायला पायजे व्हतं, ते वाढल्यात."

सुनेच्या हातातला पाना तसाच राहिला. मुलगा आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघू लागला.

"तुला तवा काय बी लागलं न्हवतं," हे म्हणाले. "माझ्या तवाच ध्यानात आलं. तू खोटं बोलताना लई जोरात व्हय म्हनतीस."

"मग बोलला का न्हाई?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात घेतला आणि टायरवर ठेवला, लेक-सून बघत असताना. म्हणाले, आता फिरव, आता लागंल.

मी खाली नेला. गुळगुळीत. वर नेला, आणि बोटांना बारीक, सरळ ओळीत दात लागले. थेट टाकी लावलेलं जातं. सासूबाईंच्या पाठीमागं बसून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी जसं त्या तळीवरून हात फिरवून पीठ गोळा करायचे, तसं.

"लागतंय," मी म्हणलं. हळू म्हणलं.

ह्यांनी मान हलवली, आणि मुलाला म्हणाले, "दुसरं आन. तिला दोन्ही दाखवू."